आमचा ब्रेकर पडतो

आमचा ब्रेकर पहिल्यांदा पडला तेव्हा मी कदेलावर, म्हणजे खुर्चीवर चढून माटोळीला नारळांच्या घोसाची पेंड बांधत होतो. हॉलातला पंखा थांबला आणि कोपऱ्यातला रेडिओ बोलता बोलता गप्प झाला. मी मनात म्हटलं, लाइट गेली. सर्वण गावात लाइट जाणं ही काही बातमी नव्हे. मी पेंडीची गाठ मारली, खाली उतरलो आणि जनेलातून बाहेर पाहिलं, तर शेजारच्या कृष्णनाथाच्या बाल्कांवातला, म्हणजे पुढच्या पडवीतला, दिवा दिवसाढवळ्या जळत होता. तेव्हा मला वाईट वाटलं. सगळ्या गावाची लाइट गेली तर तो नुसता काळोख. आपल्या एकट्याची गेली तर ती बेअब्रू.

ब्रेकर आमच्या घरात नवा होता. मे महिन्यात हॉलाची कौलं काढून स्लॅब घातला, तेव्हा वायरिंग करणाऱ्या अशोकने जुने फ्यूज काढून भिंतीवर ही पांढरी पेटी बसवली. तो म्हणाला होता, "भिकाजीबाब, कुठे जरा जरी करंट गळला तरी हा आपणहून खाली पडतो. माणूस वाचतो." मला ते ऐकून बरं वाटलं होतं. आनंदी गेल्यापासून माझ्या चुकीवर लगेच ओरडणारं घरात कोणी राहिलं नव्हतं.

आनंदी म्हणजे माझी बायको. ती गेली ती आदल्या वर्षी, चवथीच्या तोंडावर. त्या वर्षी आमच्याकडे गणपती आणला नाही. मुलगा प्रशांत वास्कोला असतो, गोदीत नोकरी, सून योगिता, तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. वर्षभर त्याचं एकच पालुपद चालू होतं. घराला कुलूप लाव, लाइट तोडून टाक आणि आमच्याकडे चल. मी गेलो असतोही, पण त्या फ्लॅटच्या गॅलरीत उभं राहिलं की दुसऱ्या फ्लॅटची गॅलरी दिसते आणि त्या गॅलरीतला माणूस आपल्याकडे बघून आत जातो. शेवटी आमचा करार झाला. प्रशांत म्हणाला, "बाबा, ह्या वर्षी तू एकटा चवथ करून दाखव. मी आणि योगिता आदल्या दिवशी सांजेला येतो. घर बरं चाललेलं दिसलं, तर मी वास्कोचं नाव परत काढणार नाही. नाही दिसलं तर मागीर तू माझ्या गाडीत बसायचं."

मी म्हटलं, "बरं."

हा करार कृष्णनाथाच्या टेलिफोनवर झाला. आमच्याकडे टेलिफोन नाही. त्यामुळे कृष्णनाथ आणि त्याची बायको वत्सलावयनी ह्या कराराचे साक्षीदार ठरले. खरं तर ते नुसते बसून होते, पण त्यांचा टेलिफोन त्यांच्या सोफ्याला लागूनच आहे.

बाहेरगावच्या वाचकांसाठी माटोळीबद्दल दोन शब्द सांगतो. गणपतीच्या डोक्यावर छताला एक लाकडी चौकट टांगायची आणि तिला त्या दिवसांत रानात, कुळागरात, परसात जे जे पिकतं ते सगळं बांधायचं. नारळाच्या पेंडी, सुपारीचे घड, तवशीं, चिबूड, निरफणस, तोरिंगं, आंबाडे, कांगलां, शेरवडाची पानं. गोव्यातल्या चवथीत लोक आधी गणपतीला हात जोडतात आणि लगेच मान वर करून माटोळी बघतात. काही जण क्रम उलटाही करतात. आनंदीची माटोळी बघायला डिचोलीहून माणसं यायची. ती फार बांधत नसे. म्हणायची, "माटोळीतून वारं गेलं पाहिजे." मी मात्र ठरवलं होतं की ह्या वर्षी तिच्यापेक्षा मोठी बांधायची. तिच्या नावाने बांधायची ती लहान का?

एक अडचण होती. जुन्या छताला वासे होते, त्यांना दोर बांधता यायचा. स्लॅब घालताना माटोळीसाठी हूक ठेवायला हवेत, हे आम्हा पुरुषांतल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. गवंडी बेळगावकडचा. त्याने पंख्याला हूक ठेवला आणि गावी गेला. छतातून केळीचा घड टांगायचा असतो हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? आनंदी असती तर तिने सिमेंट कालवायच्या आधी सांगितलं असतं. शेवटी कृष्णनाथ धावून आला. तो खाणीच्या वर्कशॉपातून रिटायर झालेला. त्याच्याकडे स्वतःचं ड्रिल मशीन आहे आणि ते वापरायला मिळावं म्हणून तो गावभर निमित्तं शोधत असतो. त्याने आमची मेन बंद केली, आपल्या घरून वायर ओढून स्लॅबला चार भोकं पाडली, चार हूक ठोकले, एकेका हुकाला स्वतः लोंबकळून दाखवलं आणि म्हणाला, "आता ह्याला हत्ती बांध."

तर पहिल्या दिवशी ब्रेकर पडला. मी तो वर केला, राहिला. वाऱ्याची झुळूक आली, पुन्हा पडला. कृष्णनाथ आला. येताना वत्सलावयनीने दिलेलं एक हातभर लांब तवशें, म्हणजे काकडी, घेऊन आला. आमच्याकडे चवथीच्या आधी शेजाऱ्याकडे जाताना माटोळीसाठी काहीतरी नेण्याची पद्धत आहे. ते तवशें त्याने आपल्या हाताने बांधलं आणि मग ब्रेकरपुढे उभा राहिला.

"फ्रीज," तो म्हणाला.

"फ्रीज काय?"

"फ्रीज करंट गळतो. जुना झाला. खाणीवरच्या शॉवेल मशीनचं असंच होतं."

मी म्हटलं, "कृष्णनाथा, शॉवेल मशीन डिझेलवर चालायचं."

"म्हणूनच तर," तो म्हणाला आणि फ्रीज ओढायला लागला.

हॉलात जागा हवी म्हणून फ्रीज बाल्कांवात नेऊन ठेवला. त्यानंतर अर्धा तास ब्रेकर वर राहिला. कृष्णनाथाने जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला, डॉक्टर ठेवतात तसा. तो फाटकापर्यंत पोचला असेल नसेल, तोच ब्रेकर खाली.

ह्या फ्रीजने मला पुढे फार छळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पोदेर पाव घेऊन आला, त्याने सायकल उभी केली आणि विचारलं, "भिकाजीबाब, कितल्याक दितां?" मी म्हटलं, विकायचा नाही. त्याला ते पटलं नाही. माणूस बाल्कांवात फ्रीज कशाला ठेवेल? दुपारपर्यंत गावात झालं की भिकाजी घर विकून वास्कोला चालला, सामान काढायला सुरुवात झाली. एक गृहस्थ तर आमचं कपाट बघायला आले. बघून, नापसंत करून गेले. कपाट आनंदीच्या माहेरचं, सागवानी. विकायचं नव्हतं तरी त्यांनी नापसंत केलं ह्याचा मला राग आला.

पण ह्या बातमीचा एक परिणाम असा झाला की गाव मला भेटायला येऊ लागलं. वर्षभर लोक लांबून हात करायचे. विधुराच्या घरी जाऊन काय बोलावं हे कोणालाच कळत नाही. आता ब्रेकरबद्दल बोलता येत होतं. प्रत्येकाकडे सल्ला होता आणि हातात माटोळीसाठी काहीतरी होतं. एकाने निरफणस आणला आणि विहिरीचा पंप बंद करायला सांगितला. एकाने सुपारीचं शिपटं, म्हणजे अख्खा घड, आणलं आणि दारावरची घंटा काढून टाकली, कारण तिच्यातला पक्षी ओरडताना घोगरा ओरडत होता. एकीने दोन चिबूड आणले आणि सांगितलं की मिक्सर घरात असणंच वाईट. तो वत्सलावयनीकडे पाठवला. प्रत्येकाने आपलं फळ स्वतःच्या हाताने बांधलं, कारण दुसऱ्याने बांधलेली गाठ सुटते अशी प्रत्येकाची खात्री होती. आणि ब्रेकर आधी दिवसातून तीनचारदा पडायचा तो आता तासाला पडायला लागला.

मी अशोकला निरोप पाठवला. चवथीच्या दिवसांत वायरमन मिळणं म्हणजे काय, ते गोव्यात राहिलेल्यालाच कळेल. घराघरात दिव्यांची तोरणं लागत असतात. तरी तो आला बिचारा. शिडी घेऊन हॉलात शिरला आणि त्याचं डोकं निरफणसावर आपटलं.

"भिकाजीबाब, ही आधी खाली घ्या. मला हात फिरवायला जागा नाही."

आम्ही दोघांनी मिळून माटोळी उतरवून खाटेवर ठेवली. अशोकने पेटी उघडली, एकेक वायर तपासली, पंखा लावला, दिवे लावले, बाल्कांवातला फ्रीज लावला, काढून ठेवलेली घंटासुद्धा वायरींना लावून वाजवून पाहिली. ब्रेकर वर. दोघेही चहा पिऊन बघत बसलो. ब्रेकर वर.

"कुठे पडतो?" अशोक म्हणाला.

"पडतो रे."

"माझ्यासमोर तर पडत नाही."

लहानपणी प्रशांतला खोकला झाला की आम्ही त्याला डिचोलीला डॉक्टरकडे न्यायचो आणि तिथे तो एकदाही खोकायचा नाही. आनंदी त्याला हळूच चिमटा काढायची. ब्रेकरला चिमटा काढता येत नाही. अशोकने तरीही माझ्या समाधानासाठी ब्रेकर बदलला, माटोळी टांगायला मला हात दिला, शिडी खांद्यावर घेतली आणि निघाला. त्याची मोटरसायकल वळणापलीकडे गेली आणि नवा ब्रेकर पडला. जुना निदान पडायच्या आधी जरा विचार करायचा.

आता एकच जागा उरली होती. तालुक्याच्या गावची वीज-कचेरी. कृष्णनाथ म्हणाला, "दोष खांबावरून येतो. सरकारात अर्ज कर."

मी अर्ज मराठीत लिहिला. राज्य होऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती, तरी कोकणी की मराठी हा वाद कधी, कुठे, कोणत्या टेबलावर निघेल ते सांगता येत नव्हतं. आमच्या गावात तर दोन सख्खे भाऊ ह्यावरून वर्षभर बोलत नव्हते. न बोलण्याची भाषा मात्र दोघांची एकच होती. त्यामुळे मी वाटेत उत्तरं तयार करत गेलो. कारकुनाने असं म्हटलं तर तसं म्हणायचं, अगदीच चढला तर कोकणीत सुनवायचं. पण कारकुनाने भाषेकडे बघितलंच नाही. त्याने नावाकडे बघितलं.

"तुम्ही भिकाजी वायंगणकर. आणि कनेक्शन आनंदी भिकाजी वायंगणकर."

"होय. माझी बायको."

घराचा तो भाग तिच्या नावावर होता, म्हणून मीटर तिच्या नावावर घेतला होता.

"मग अर्जावर त्यांची सही हवी. ग्राहक त्या आहेत."

"ती गेली."

"कधी येणार?"

त्याने वर पाहिलं आणि त्याचं त्यालाच कळलं. तो वाईट माणूस नव्हता. त्याने मला पाणी दिलं आणि म्हणाला, "मग आधी नाव बदलून घ्या. त्यांचं काढा, तुमचं घाला. तोपर्यंत ग्राहकाच्या सहीशिवाय मला काहीच करता येत नाही. नवीन जोडता येत नाही, दुरुस्त करता येत नाही, तोडतासुद्धा येत नाही."

नाव बदलायचे कागद त्याने माझ्यापुढे सरकवले. मी ते परत सरकवले. दर महिन्याला मीटर वाचायला वायरवाला माणूस येतो आणि फाटकात उभा राहून मोठ्याने हाक मारतो, "आनंदी वायंगणकर!" आणि मी आतून "हां" म्हणतो. जगात आता तिला नावाने हाक मारणारा तेवढा एकच माणूस उरला आहे. ती हाक बंद करून मी काय दुरुस्त करणार होतो? मी कारकुनाला नमस्कार केला आणि बसने घरी आलो.

घरी आलो तर कृष्णनाथाचा टेलिफोन वाजत होता. माझ्या अंगणातूनच मला वत्सलावयनीचा आवाज ऐकू आला. "प्रशांत? नाही रे, बाबा देवळात गेलाय. घर? घर लख्ख आसा! उजेडान दोळे दिपतात!" त्या वेळी माझ्या घरात एक समई आणि दोन मेणबत्त्या जळत होत्या.

"वयनी, कशाला खोटं सांगितलंत?"

"भावजी, तुमी वास्कोला गेलात तर मी माझी माटोळी दाखवू कोणाक?" ती म्हणाली आणि आत गेली. थोड्या वेळाने नवऱ्याला घेऊन बाहेर आली. तिचं मत असं पडलं की हे मशीनचं काम नव्हे, इथे गाऱ्हाणं घालायला हवं.

कृष्णनाथ गाऱ्हाणं घालण्यात पटाईत. डोक्याला टॉवेल गुंडाळून, हातात सोललेला नारळ घेऊन तो ब्रेकरपुढे उभा राहिला. मागे आम्ही चारपाच जण हात जोडून उभे.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या भिकाजीच्या घरातलो ब्रेकर पडटा. कोणाची नदर लागली आसत, कोणाचें चुकलें आसत, तर तें पोटांत घाल म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आनी ज्या कोणाच्या हातान ही पिडा घरांत आयली आसत, ताका हांगाच्या हांगा सगळ्यांमुखार उबो कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" दोषी इथल्या इथे सगळ्यांसमोर उभा राहणार म्हटल्यावर आम्ही जरा जास्तच मोठ्याने म्हटलं.

मी ब्रेकर वर केला. राहिला. पंखा फिरू लागला. कृष्णनाथाने डोळे मिटून मान हलवली, नारळ कपाळाला लावला, कदेलावर चढला आणि देवाचा नारळ म्हणून माटोळीच्या मधोमध बांधला. ठक्क.

कृष्णनाथाने काळोखातच नारळाची गाठ पुन्हा आवळली. मग म्हणाला, "देव काळोखातपण असतो."

असा चवथीचा आदला दिवस उजाडला. आता ब्रेकर वर राहायलाच तयार नव्हता. बोटाने वर करावा, बोट काढलं की खाली. मी सकाळपासून नेवऱ्यांचं, म्हणजे करंज्यांचं, सारण रगड्यावर वाटत होतो आणि मनातल्या मनात माझी बॅग भरत होतो. दोन धोतरं, चार शर्ट, आनंदीचा फोटो. फोटो वास्कोच्या भिंतीवर कुठे लावणार? तिथे भिंतीला खिळा मारायला सोसायटीला विचारावं लागतं. घर कसं बंद करायचं, तुळशीला पाणी कोणाला सांगायचं, सगळं ठरवून झालं. वत्सलावयनी नेवऱ्या तळायला आली होती, तिने माझा चेहरा बघितला आणि माझ्याशी भांडायला लागली, सारणात वेलची जास्त झाली म्हणून. तिला धीर द्यायची तीच एक रीत येते.

तिन्हीसांज झाली. शेजारपाजारचे पाचसहा जण मदतीला म्हणून आले होते आणि काळोखात एकमेकांच्या पायांवर पाय देत होते. तेवढ्यात माटोळीची एक बाजू कलली. एका कोपऱ्याचा केवणीच्या सालीचा दोर सैल झाला होता. मी धावलो, खालचं मेज ओढलं, त्यावर चढलो आणि दोन्ही हातांनी लाकडी चौकट खालून उचलून धरली. डाव्या कानाला चिबूड, उजव्या कानाला कांगलांचा झुबका, टकलावर नारळ.

"कृष्णनाथा, दोर बांध लवकर! जड आहे!"

"थांब, दिसत नाही," तो काळोखातून म्हणाला. "एकदा ब्रेकर तरी मारून बघतो." त्याने खटका वर केला.

झक्क उजेड पडला.

पंखा फिरायला लागला. रेडिओ, जो मी बंद करायला विसरलो होतो, मध्येच एका वाक्यापासून बोलू लागला. ब्रेकर वर. मी मेजावर हात वर करून उभा. कृष्णनाथ घाईघाईने दोर बांधून खाली उतरला. मी हात सोडले. ठक्क. काळोख.

"कितें जालें?"

"पुन्हा उचल रे," कोणीतरी म्हणालं.

मी उचलली. कृष्णनाथाने खटका मारला. उजेड. मी हळूच सोडली. काळोख. उचलली. उजेड.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी जन्मभर खाणीच्या वजनकाट्यावर बसलो. भरलेला ट्रक काट्यावर चढताना नुसत्या स्प्रिंगांच्या कुरकुरण्यावरून सांगायचो की ह्याने जास्ती भरलं आहे, उतरव. आणि माझ्या डोक्यावर गावाने मिळून एक ट्रक भरला तो मला दिसला नव्हता. हुकावर जितकं वजन वाढेल तितका हूक कलत होता आणि त्याचं आतलं टोक स्लॅबातल्या वायरीत रुतत होतं. पहिली पेंड बांधली तेव्हा पहिल्यांदा पडला. अशोकने माटोळी उतरवली तेव्हा पडेना. ज्याने ज्याने मदत केली त्याने त्याने थोडा थोडा पाडला.

"म्हणजे भोक वायरीच्या पायपात गेलं," मी वरून म्हटलं. "हूक कोणी मारले होते रे?"

सगळ्यांच्या माना एकदम कृष्णनाथाकडे वळल्या. वत्सलावयनी तळणाचा झारा घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, "हांगाच्या हांगा सगळ्यांमुखार उबो कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले आणि मग जो हशा उठला तो थांबेना. कृष्णनाथ आधी रागावला, मग तोही हसायला लागला, हसता हसता भिंतीला टेकून खाली बसला. मी हसलो तशी माटोळी हलली आणि दिवे लुकलुकले, त्यामुळे लोक आणखी हसले. वर्षभरात त्या घरात कोणी असं हसलं नव्हतं. मला हात खाली घेता येत नव्हते, म्हणून डोळे पुसता आले नाहीत.

आणि नेमक्या त्या वेळी प्रशांत दारात येऊन उभा राहिला. मागे योगिता, हातात मिठाईचा डबा.

त्याने काय पाहिलं ते मी त्याच्या जागी उभं राहून बघायचा प्रयत्न केला. फ्रीज बाल्कांवात. घंटेच्या जागी दोन वायरी. शेजारी जमिनीवर लोळून हसतोय. आणि बाप मेजावर चढून, कानात फळं घालून, गोवर्धन उचलल्यासारखा उभा.

"बाबा," तो म्हणाला, "हे काय?"

"चवथ," मी म्हटलं. "चपला काढ आणि ही बाजू धर. माझे हात गेले."

त्याने खरंच चपला काढल्या आणि मेजावर चढून दुसरी बाजू धरली. कृष्णनाथ आणि बाकीचे माटोळीला खालून टेकू द्यायला बांबू आणायला पळाले. कृष्णनाथाच्या मांडवाचे चार बांबू त्याच्याच अंगणात उभे होते, ते काढल्याशिवाय त्याची सुटका नव्हती. योगिता वत्सलावयनीबरोबर आत गेली. हॉलात आम्ही दोघे उरलो, समोरासमोर, हात वर, मध्ये एक निरफणस.

"किती जड आहे ही," प्रशांत म्हणाला. "आईची एवढी नसायची."

"नसायची. ती म्हणायची, वारं गेलं पाहिजे."

"मग एवढी कशाला बांधली?"

"मी नाही रे बांधली. लोक येत गेले."

तो वर बघत होता. मी त्याला सांगितलं, हे तवशें कृष्णनाथाचं, ते शिपटं वरच्या वाड्यावरचं, हे चिबूड कोणाचे, ही तोरिंगं कोणाची. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की गावातलं जवळजवळ प्रत्येक घर तिथे टांगलेलं होतं. प्रशांतने खांदा चौकटीखाली घातला आणि सोडलं नाही.

बांबू आले. मेन बंद करून माटोळी चार बांबूंवर उभी केली, ते हूक काढून टाकले आणि छतावरून तिला काहीही टांगलेलं ठेवलं नाही. मग कृष्णनाथाने दोन बोटांनी, अगदी सांभाळून, ब्रेकर वर केला. तो वर राहिला. सकाळी निरोप मिळाल्यावर अशोक धावत आला, त्याने ती वायर तोडून वेगळी केली, हॉलाला दुसरीकडून लाइट दिली आणि कृष्णनाथाला हात जोडून सांगितलं की यापुढे ड्रिल मशीन काढायच्या आधी मला विचारा. गणपती आले, आरत्या झाल्या. डिचोलीहून माणसं आली, त्यांनी माटोळीला खाली पाय असलेले पहिल्यांदाच पाहिले आणि पुढच्या वर्षी आपल्याकडेही तसंच करायचं ठरवून गेली. ही कल्पना कोणाची, असं कोणी विचारलं की कृष्णनाथ पुढे व्हायचा.

पाचव्या दिवशी विसर्जन झालं. माटोळीची फळं घरोघरी वाटली. प्रशांतने स्वतः फ्रीज आत आणला आणि घंटा लावली. मग बाल्कांवात माझ्याजवळ येऊन बसला. कृष्णनाथाच्या बांबूंकडे बघत होता, ते अजून आमच्याकडेच होते.

"बाबा, मी नाव काढणार नाही म्हटलं होतं. काढत नाही. पण तुला कधी वाटलं तर... कुलूप लावून, लाइट तोडून येता येईल."

"चार दिवस राहायला येईन मी," मी म्हटलं. "तुझ्या आईच्या एखाद्या फोटोसाठी योगिताची भिंत बघायला. पण लाइट तोडता येणार नाही."

"का?"

"कचेरीत विचारून आलोय. ग्राहकाची सही लागते."

तेवढ्यात फाटकात सायकल थांबली आणि वायरवाल्याने महिन्याची हाक मारली. "आनंदी वायंगणकर!"

मी तोंड उघडायच्या आत प्रशांत उठून उभा राहिला.

"हां," तो म्हणाला. "आसा. घरांतच आसा."